पालकत्वाला घटस्फोट नाही

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईतील घराघरांतून प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. बारावीचा निकाल, प्रवेश परीक्षेतील गुण, महाविद्यालयांचा पसंतीक्रम, पहिली फेरी, दुसरी फेरी, अशा चर्चेने संध्याकाळची जेवणे लांबतात. वाशीपासून खारघर-कामोठ्यापर्यंत अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन, वास्तुरचना अशी सर्व प्रकारची महाविद्यालये उभी असलेले हे शहर आहे. येथे राहायला आलेल्या मध्यमवर्गाने मुलांच्या शिक्षणासाठीच गाव सोडले, कर्ज काढून सदनिका घेतली, हार्बर मार्गावरच्या गर्दीत उमेदीची वर्षे घालविली. साहजिकच मुलाला हव्या त्या महाविद्यालयात जागा मिळाल्याचा संदेश मोबाइलवर आला की घरात पेढे येतात.

परंतु प्रत्येक घरात पेढे येत नाहीत. आईवडील विभक्त झालेले एक घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगी आईजवळ नेरुळला राहते, वडील पनवेलला. मुलीला चांगल्या महाविद्यालयात जागा मिळाली आहे आणि शुल्क भरण्यास मोजके दिवस उरले आहेत. आई म्हणते, ‘‘बाबांना फोन कर, एवढे तरी त्यांनी करायला हवे.’’ बाबा म्हणतात, ‘‘न्यायालयाने सांगितले तेवढे मी दर महिन्याला देतो. पुढचे तुझ्या आईला विचार.’’ दोघांच्याही बोलण्यात जुन्या भांडणाचा सूर असतो. मुलगी मात्र एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात प्रवेशपत्र घेऊन मध्ये उभी असते. हे चित्र कोणा एका घराचे नाही. आपल्या इमारतीत, आपल्या नात्यात, कदाचित आपल्या नित्य संपर्कातील कुटुंबातही ते दिसू शकेल.

विवाह हा आपल्याकडे करार मानलेला नाही, तो संस्कार आहे. तो मोडू नये यासाठी शेवटपर्यंत प्रयत्न झाले पाहिजेत, ही या साप्ताहिकाची भूमिका नवी नाही. मात्र १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट खुली केली आणि १९७६च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने विभक्त होण्याची सोय दिली, हे वास्तव आहे. काही घरे मोडतात, आणि त्यातली काही मोडण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी विवाहसंस्थेच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त करून थांबणे सोपे असते. पण त्या हळहळीतून मुलीचे शुल्क भरले जात नाही. पतीपत्नीचे नाते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपते. मातृत्व आणि पितृत्व संपविणारा हुकूमनामा कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. तेव्हा मुलाच्या उच्च शिक्षणाचा भार विभक्त आईवडिलांनी कसा वाटून घ्यावा, हा प्रश्न खाजगी म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी हिंदू पुरुषावर आणि हिंदू स्त्रीवर, दोघांवरही टाकते. याच कायद्यातील ‘निर्वाह’ या शब्दाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांच्या जोडीने शिक्षणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी शिक्षण हे अन्नाइतकेच आवश्यक मानले होते. पण त्याच कलमात एक मर्यादाही आहे. अपत्याचा हा हक्क ते अज्ञान असेपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच आहे. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर तिचा हक्क पुढेही चालू राहतो. सज्ञान मुलाचा तसा उल्लेख नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ हेही, शारीरिक वा मानसिक अपंगत्वाचा अपवाद सोडला, तर सर्वसाधारणपणे अठराव्या वर्षापाशी थांबते.

आणि गंमत अशी की, खरा खर्च अठराव्या वर्षीच सुरू होतो. शाळेची फी, दप्तर, गणवेश यांचा भार कसाबसा पेलला जातो. महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके, संगणक यांची रक्कम समोर येते तेव्हा मुलगा नुकताच सज्ञान झालेला असतो. ज्या वयात त्याला आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच वयात कायदा त्याला ‘आता तू मोठा झालास’ असे सांगतो. मतदानाचा अधिकार मिळाला म्हणून कोणाला चार वर्षांचे शुल्क भरण्याची ऐपत येत नसते!

न्यायालयांनी ही उणीव ओळखली आहे, याची नोंद घेतली पाहिजे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने सज्ञान, अविवाहित, शिकणाऱ्या मुलीसाठी आईला वडिलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अविवाहित मुलीचा कलम २० खालील हक्क अधोरेखित केला. मार्च २०२१मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढचे पाऊल टाकले. पित्याने मुलाचा खर्च अठरा वर्षांपर्यंत नव्हे, तर पहिली पदवी मिळेपर्यंत उचलावा, असे त्या निर्णयात सांगितले आहे. त्या पित्याने दुसरा विवाह केला होता, त्यापासून मुले होती आणि पगार बेताचा होता. न्यायालयाने त्याची अडचण लक्षात घेऊन मासिक रक्कम कमी केली, पण मुदत पदवीपर्यंत वाढविली. यात मोठे शहाणपण आहे. पित्याला झेपेल एवढेच मागावे, पण मुलाला वाटेत सोडू नये. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर आयर्लंडमध्ये शिकणाऱ्या एका मुलीचे प्रकरण आले. आईवडील सव्वीस वर्षे विभक्त राहत होते. वडिलांनी शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख रुपये ती स्वाभिमानापोटी परत करू पाहत होती. आईवडिलांकडून आपल्या ऐपतीच्या मर्यादेत शिक्षणाचा खर्च मिळविणे हा मुलीचा हिरावून घेता न येणारा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले.

परंतु भार वाटून घेण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय आपल्याच महाराष्ट्रातून, नागपूरहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यात झाला. २०१३च्या प्रारंभी मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नी सासर सोडून गेली. निर्वाहखर्चाचा अर्ज त्याच वर्षी झाला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५ साली आदेश दिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०१८ साली कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. त्या निकालात देशभरातील कौटुंबिक न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यात आली. दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावीत, हे त्यातील एक तत्त्व. मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने करावा, पण आई नोकरी करीत असून तिचे उत्पन्न पुरेसे असेल, तर तो दोघांनी उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, हे दुसरे.

या खटल्याचा आणखी एक धडा निकालपत्रात शोधावा लागत नाही, तो तारखांमध्येच दिसतो. जन्मलेले बाळ शाळेत जाऊ लागले तरी त्याच्या निर्वाहाचा वाद चालूच होता. हाच वाद अठराव्या वर्षी सुरू झाला तर? पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा असतो. न्यायालयाच्या पायऱ्या चढून-उतरून निकाल हाती येईल तेव्हा मुलाचे शिक्षण एकतर कर्जावर पुरे झालेले असेल, किंवा अर्ध्यावर सुटलेले असेल. प्रवेशाची मुदत दिवसांत मोजली जाते, खटल्याची मुदत वर्षांत. म्हणूनच हा प्रश्न न्यायालयात जाऊन सुटण्यापेक्षा, न्यायालयात जाण्याची वेळ येऊ नये अशा रीतीने सोडविला पाहिजे.

‘प्रमाणात’ म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावे. समजा, शिक्षणाचा वार्षिक खर्च दोन लाख रुपये आहे. वडिलांचे मासिक उत्पन्न नव्वद हजार आणि आईचे साठ हजार. उत्पन्नाचे प्रमाण तीनास दोन. म्हणजे वडिलांनी एक लाख वीस हजार आणि आईने ऐंशी हजार द्यावेत. हा हिशेब कोणताही गृहस्थ पाच मिनिटांत करू शकेल. परंतु मूल ज्याच्याकडे राहते, त्याच्याकडे दोन वेळचे जेवण, आजारपणातील जागरण, परीक्षेच्या दिवसांतील धावपळ यांचाही भार असतो. त्याची पावती मिळत नाही. मोठ्या मनाच्या माणसाने हिशेब करताना तो भार मोजला पाहिजे. दुसऱ्या बाजूने, वडिलांवर वृद्ध आईवडिलांची जबाबदारी असेल, नोकरी गेली असेल, तर तीही ध्यानात घेतली पाहिजे. कमावती आई ‘हे सारे पुरुषाचेच काम’ म्हणून हात झटकू शकत नाही आणि वडिलांनाही ‘मूल माझ्याकडे राहत नाही, मग मी पैसे का द्यावे?’ असे विचारता येणार नाही. मुलाची भेट आणि मुलाचे शुल्क हा सौद्याचा विषय नव्हे. भेटू देत नाही म्हणून पैसे रोखणे आणि पैसे देत नाही म्हणून भेट नाकारणे, या दोन्ही गोष्टींत शिक्षा एकाच व्यक्तीला होते.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आपली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली विभक्त पालकांनी महाविद्यालयीन खर्चाला किती हातभार लावावा, हे ठरविण्यासाठी काही कसोट्या सांगितल्या. त्यांतील एक कसोटी अशी की, हे पालक मुलासह एकत्र राहत असते, तर त्यांनी या शिक्षणासाठी खर्च केला असता का? पाश्चात्त्यांचे सारेच आपण उचलावे असे नाही, आणि जे तिथे कुटुंबाचे झाले ते आपल्याकडे व्हावे अशी तर कोणाचीच इच्छा नसेल. पण हा प्रश्न प्रत्येक विभक्त आईवडिलांनी देवघरासमोर बसून स्वतःला विचारावा इतका तो मोलाचा आहे. घर एकत्र असते तर आपण दागिने मोडले असते, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले असते, गावची जमीन गहाण टाकली असती. मग घर मोडले म्हणून मुलाची पात्रता कमी झाली काय?

खरे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. ऐपत असूनही अपत्ये, पत्नी, आईवडील यांचे पोषण न करणाऱ्यास कौटिल्याने अर्थशास्त्रात बारा पणांचा दंड सांगितला आहे. त्याच ग्रंथात परस्पर द्वेषामुळे पतीपत्नींनी विलग होण्याचाही विचार आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांना संसार मोडू शकतो हे माहीत होते, आणि मोडला तरी जबाबदारी मोडत नाही, हेही माहीत होते. महाराष्ट्राचा अलीकडचा इतिहास तर याहून बोलका आहे. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या भूमीत शिकल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी ताट वाढले जाई. परक्याच्या मुलाचे शिक्षण हे आपले कर्तव्य आहे, ही त्यामागची भावना होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या रयतचे, कर्मवीरांचेच नाव असलेले महाविद्यालय आज वाशीत उभे आहे. ज्या शहरात त्या माउलीच्या त्यागाची अशी खूण आहे, त्या शहरात स्वतःच्या पोटच्या मुलाच्या शुल्कासाठी आईवडिलांनी एकमेकांकडे बोट दाखवावे, हे आपल्याला शोभते का?

तेव्हा काय करावे? पहिली गोष्ट ही की, विभक्त होण्याची वेळ आलीच, तर संमतीच्या अटी लिहिताना मूल लहान असले तरी उच्च शिक्षणाचे कलम त्यात स्पष्टपणे असावे. ‘शिक्षणाचा योग्य तो खर्च’ अशी मोघम भाषा पुढे भांडणालाच आमंत्रण देते. पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत, असा कालावधी लिहावा. खर्चात शुल्क, परीक्षा, पुस्तके, वसतिगृह, प्रवास आणि प्रवेश परीक्षेची शिकवणी धरायची की नाही, हे नमूद करावे. वाट्याचे प्रमाण उत्पन्नावर ठरवून दर वर्षी ठरलेल्या महिन्यात त्याचा फेरविचार करावा. रक्कम एकमेकांच्या हाती न देता थेट महाविद्यालयाकडे भरावी, म्हणजे ‘दिले’, ‘मिळाले नाही’ हा वाद राहत नाही. महाविद्यालयाची निवड दोघांच्या विचाराने व्हावी. व्यवस्थापन कोट्यातील जागा एकाने परस्पर घेऊन तिचे देयक दुसऱ्याच्या दारी पाठवू नये. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत तिच्या नावे खाते उघडून दोघांनी त्यात भर घालावी. शिक्षणासाठी त्यातील निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

दुसरी गोष्ट, सरकारी मदतीची माहिती वेळेत घ्यावी. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४मध्ये घेतला. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळावे, हा तिचा हेतू आहे. या योजना उत्तम आहेत. पण अर्जावर ‘कुटुंबाचे उत्पन्न’ हा रकाना आला की विभक्त घरातील मुलाची लेखणी थबकते. कुटुंब म्हणजे कोण? दाखला कोणाच्या नावाचा जोडायचा? जो पालक फोन उचलत नाही, त्याचे कागद कोठून आणायचे? मुलाच्या ताब्याचा आणि निर्वाहाचा न्यायालयीन आदेश पुरावा म्हणून जपून ठेवावा, हे पालकांना सांगणे जसे आवश्यक आहे, तसेच अशा मुलांना कागदांसाठी खेटे घालावे लागू नयेत, हे पाहणे शासनाचे काम आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. न्यायालयांनी एकेका प्रकरणात दिलेला दिलासा सर्वांपर्यंत पोहोचत नाही. वकील लावू शकणाऱ्याला तो मिळतो, इतरांना मिळत नाही. पहिल्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क मुलगा आणि मुलगी दोघांसाठी, आई आणि वडील दोघांवर, ऐपतीच्या प्रमाणात, असे कायद्यातच लिहिले गेले पाहिजे. तो केवळ हिंदूंपुरता असूनही चालणार नाही. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली आहे आणि देशातही त्या दिशेने विचार चालू आहे. समान नागरी कायद्याची चर्चा बहुधा विवाह आणि वारसा यांच्याभोवती फिरते. मुलाच्या शिक्षणाचा हक्क आईवडिलांच्या उपासनापद्धतीवर अवलंबून नसावा, हे त्या कायद्याच्या बाजूचे कदाचित सर्वांत निर्विवाद कारण असेल.

शेवटची गोष्ट आपल्या सर्वांसाठी. संघशताब्दीच्या निमित्ताने कुटुंब प्रबोधनाचा विषय घरोघरी पोहोचत आहे. एकत्र भोजन, एकत्र भजन, आठवड्यातून एकदा मोकळा संवाद, हे सारे सुखी घरांसाठी आहेच. पण ज्या घरात ताट वाढायला दोघांपैकी एकच उरला आहे, त्या घराची पायरी आपण चढतो का? नव्या शहरांत वडीलधारी माणसे गावी राहिली. पूर्वी आत्या, मामा, काका मध्ये पडत आणि अर्धी भांडणे ओसरीवरच मिटत. आज इमारतीत शेजारच्या दाराआड काय चालले आहे, हे कोणाला माहीत नसते. ही पोकळी कार्यकर्त्याने भरून काढावी. कोणाची चूक, याचा न्यायनिवाडा करायला जाऊ नये. फक्त एवढेच म्हणावे, ‘‘तुमचे जे झाले ते झाले. या मुलाच्या चार वर्षांचा हिशेब आज कागदावर मांडू.’’ दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला एक ज्येष्ठ मधे बसला, तर अनेकदा वकिलाची गरज उरत नाही. आणि तरीही दोघांचा हात तोकडा पडला, तर वस्तीने ओंजळ पुढे करावी. वार लावून जेवू घालणाऱ्यांचे आपण वंशज आहोत.

यंदाही प्रवेशाच्या फेऱ्या होतील, शुल्काची मुदत येईल. एखाद्या घरात एक मुलगी फोन हातात धरून कोणाला आधी लावावा, या विचारात बसलेली असेल. तिला दोन क्रमांकांपैकी एक निवडावा लागू नये. पलीकडून ‘‘बाळ, आमचे दोघांचे ठरले आहे, तू निश्चिंत हो,’’ असे उत्तर यावे. एवढे झाले, तर मोडलेल्या घराचेही अर्धे घरपण वाचले, असे म्हणता येईल.